बाजारतळावरचं लग्न

माझ्या मामांइतका संतापी माणूस निजामाच्या सबंध राज्यात झाला नाही, आणि पलीकडच्या इंग्रजी मुलखात झाला असेल तर तो माझ्या ऐकिवात नाही. इतर माणसांना राग येतो आणि जातो. मामांचा राग आमच्या कडा गावातल्या घरात मुक्कामालाच होता. सकाळी अंगणात ऊन आलं की ते उन्हावर चिडत, कारण ते कालच्यापेक्षा लवकर आलेलं असे. कोंबडा आरवला तर "ह्याला कुनी इचारलं हुतं?" आणि नाही आरवला तर "दानं खायाला बरा येतो!" जेवायला बोलावणाऱ्यानं आग्रह केला नाही तर त्यांचा अपमान व्हायचा, आणि फार केला तर ताटावरून उठत. "मी काय उपाशी हाय का बे?"

नगरच्या वाटेवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. तिथं निजामाची हद्द संपून इंग्रजांची सुरू होई. नाक्यावरच्या कारकुनानं एकदा मामांना सहज विचारलं, "गाठोड्यात काय आहे?" झालं! आपल्याला चोर समजलं म्हणून मामांनी भर रस्त्यात गाठोडं सोडलं. भाकरी मोडून दाखवली, चटणीची पुरचुंडी उलगडली, डोक्याचा पटका सोडून झाडाला बांधला, अंगरखा काढून कारकुनाच्या मेजावर ठेवला. "बगा, नीट बगा, सरकारचं नुस्कान नको!" मागं गाड्यांची रांग लागली. शेवटी मामांचा हात धोतराच्या गाठीकडे गेला, तसा तो बिचारा उठून हात जोडत म्हणाला, "मामा, जा हो! पुन्हा विचारणार नाही." तेव्हापासून मामा आले की नाक्यावरची मंडळी आकाशातली पाखरं न्याहाळू लागत.

हे मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं; कुणी पाहायला गेलं तरी ते मुलीच्या बापाशी भांडून येत. माझे वडील दुखण्यानं गेले, तेव्हा मामा एक वळकटी घेऊन आले आणि दारातच त्यांचं कपाळ चौकटीवर आपटलं. "आक्का, तुज्या घराचं दार लई ठेंगनं हाय," हे त्यांचं सांत्वनाचं पहिलं वाक्य. मग ते राहिलेच. सगळं गाव त्यांना मामा म्हणू लागलं आणि सगळ्या गावाशी त्यांचं भांडण झालं. गाडीचं चाक वाकडं बसवलं म्हणून सुताराशी, अत्तर लावताना हात आखडता घेतला म्हणून अत्तारचाचाशी, आणि मेंढरं आपल्याकडं बघून शिंकतात म्हणून धनगरांशी.

माझी धाकटी बहीण गोदा हिचं लग्न ठरलं ते नगरकडच्या मुलखात. मुलगा साधा, चांगला होता. बोलणी करायला आला तो त्याचा चुलता. त्यानं आमची बोळ पाहिली, वाकून घरात आला, दोन खोल्यांवर नजर फिरवली आणि म्हणाला, "आमचं वऱ्हाड मोठं आहे. जागा नीट बघा. होत नसेल तर लग्न आमच्या दारात करू." तो गेल्यावर आई म्हणाली, "त्येंच्या दारात न्हाई. जलमभर ऐकावं लागंल माज्या लेकराला, की आईला मांडव घालायला जागा मिळाली न्हाई." वडिलांच्या आजारपणात घरातलं किडूकमिडूक गेलं होतं. होतं ते धान्याला आणि गोदाच्या लुगड्याला ठेवलेलं. जागा मिळायची तर फुकटात, नाहीतर नाहीच. ती शोधायला मामा आणि मी निघालो.

जवळच्या आष्टीला एका बड्या जमीनदाराची हवेली होती. त्यानं एक पैसा मागितला नाही, उलट पान दिलं. मी मनात देवाचे आभार मानतोय तोवर तो म्हणाला, "पाव्हणे म्होरल्या दारानं येतील. तुमची मानसं तेवढी मागनं, गोठ्याकडनं येऊ द्या. म्होरं जाजम अंथरलेलं आसतं."

"आन नवरी?" मामांनी विचारलं.

"नवरी तुमचीच न्हवं?"

मामांनी पान तबकात परत ठेवलं. "गोठ्यातल्या म्हशीला इचारून ठिवा. आमी तिच्या दारानं गेल्यालं तिला खपंल का न्हाई ते." आणि आम्ही बाहेर.

पुढे एका शेटची धर्मशाळा होती. दारावर धर्मशाळा असं लिहिलेलं, आत आढ्यापर्यंत कापसाच्या गाठी. मुनीम म्हणाला, "माल हलला की जागा मोकळी."

"कवा हलतो?"

"भाव चढला की."

"म्हंजी आमच्या पोरीनं कापसाच्या भावाची वाट बगत बसायचं?" मामा असे ओरडले की गाठींवर झोपलेलं मांजर खाली उडी मारून पळालं.

कड्याच्या देवळाचा सभामंडप हा शेवटचा आसरा. पंच तयार झाले. फक्त त्यातला वडीलधारा खाली बघत म्हणाला, "मुलीच्या आईनं मात्र मंडपात येऊ नये. नवरा नसलेली बाई... शुभकार्य आहे."

यावेळी मामा ओरडले नाहीत. "जिनं जात्यावर बसून पोर वाढीवली ती भाईर, आन तुमी आत? देवानं सांगितलं का तुमाला?" इतकंच म्हणून ते पायऱ्या उतरले.

मी मात्र आता भडकलो. त्या सगळ्या मोठ्या दरवाज्यांवर भडकलो होतो, पण राग काढायला जवळ मामाच होते. "मामा, तुमच्या तोंडापायी गोदाचं लगीन मोडणार! एक जागा धड ठेवली नाहीत!" आम्ही बाजारतळावरून घराकडे चाललो होतो. बाजाराचा दिवस नव्हता. कडुनिंबाखाली सावली पसरलेली, विहीर, शेजारी जनावरांना पाणी पाजायचा हौद, बैल बांधायच्या खुंट्या. मामा थबकले.

"ही जागा कुनाची रे?"

"गावाची."

"हिला उंबरा कुठं हाय?"

"बाजारतळाला उंबरा कसा असंल, मामा?"

"मंग बास," मामा म्हणाले, आणि सरळ पाटलाच्या घरी गेले. पाटील त्यांना इतका कंटाळलेला होता की त्यानं लगेच होकार दिला.

निरोप गेल्यावर नवऱ्याचा चुलता जागा बघायला स्वतः आला. हौदापाशी उभा राहून त्यानं नाकाला उपरणं लावलं. "बैलबाजारात लग्न? मोगलाईतल्या माणसांना रीतभात म्हणून नाही." इंग्रजी मुलखातले लोक आमच्या भागाला मोगलाई म्हणत, आणि म्हणताना ओठ जरा वाकडा करत. मी डोळे मिटून स्फोटाची वाट पाहिली. मामांनी हात जोडले. "मुहूर्ताला या, पाव्हनं." मला इतकी भीती त्यांच्या ओरडण्याचीही कधी वाटली नव्हती.

चुलत्याची पाठ वळताच मामा गावात निघाले. ज्या सुताराशी अबोला होता त्याच्याच दारात आधी गेले. मागितलं काही नाही. नुसतं म्हणाले, "त्यो म्हनला, मोगलाईतल्या मानसांला रीतभात न्हाई. मला म्हनला आसता तर मी बगून घेतलं आसतं. गावाला म्हनला." सुतारानं हातातला वाकस खाली टाकला. "आस्सं म्हनला?" तोवर मामा पुढच्या घरी. अत्तारचाचा तर दुकानातून उठूनच उभा राहिला. "हमकू बोल्या? कड्यावालोंकू?" धनगरवाड्यावर, तेल्याच्या घाण्यावर, चावडीवर मामा तेवढंच सांगत गेले. स्वतःच्या रागावर ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांनी तो एका दुपारी घरोघर वाटून टाकला.

लग्नाच्या सकाळी बाजारतळ ओळखू येत नव्हता. सुतारानं गावातल्या गाड्या गोल उभ्या करवल्या होत्या, जू बांधायच्या धुऱ्या आभाळाकडे करून, आणि त्यांच्यावर आंब्याचे डहाळे बांधलेले. गाडीपासून गाडीपर्यंत धनगरांच्या काळ्याभोर घोंगड्या ताणून सावली केलेली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर अत्तारचाचानं दर्ग्यातल्या उरुसाच्या सतरंज्या अंथरल्या होत्या, आणि तो प्रत्येक वऱ्हाड्याच्या मनगटाला अत्तर चोळत होता, यावेळी हात सैल सोडून. चुलता आला आणि खोड काढायला जागा शोधत सगळीकडं फिरला. अक्षता वाटल्या जात असताना त्याला ती सापडली. आई गोदाच्या जवळ उभी होती.

"विहीणबाईंनी जरा मागं बसलेलं बरं," तो म्हणाला.

आईनं पदर सावरून पाऊल उचललं. गाव मामांकडं बघू लागलं. मामा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बसतील की. मागं कुठं ते तेवढं दावा, पाव्हनं."

चुलत्यानं वळून पाहिलं. गाड्या सगळीकडून गोल होत्या. जिकडं बघावं तिकडं कड्याची माणसं उभी होती, आणि सगळी त्याच्याकडंच बघत होती. तो खाली बसला. आई जिथं होती तिथंच राहिली, आणि तिच्या हातच्या अक्षता गोदाच्या डोक्यावर पहिल्या पडल्या.

पुढं दिवाळीला सासरच्यांनी गोदाला माहेरी धाडलं नाही. मामांना हवं ते कारण मिळालं. काठी घेऊन ते ताडताड नगरच्या वाटेनं निघाले. आई मागून "भांडू नको रे" म्हणत राहिली. परत आले तेव्हा काठी खांद्यावर आडवी होती आणि चाल मंद.

"काय झालं?" आईनं घाबरून विचारलं.

"पोर गरवार हाय. म्हनून धाडली न्हाई." मामा ओट्यावर टेकले. "सासूनं पाय धुवायला ऊन पानी दिलं. त्यो चुलता सोता येशीपातूर पोचवायला आला. पोर हासत व्हती सारकी. लई चांगली मानसं हायती, आक्का." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की जणू त्यांचं कुणी काही हिरावून घेतलं होतं.

आईनं ताट वाढलं. मामा दाराकडं बघत निमूट जेवले, हात धुऊन अंथरुणावर पडले. मागून आई जेवायला बसली, तेव्हा तिला कळलं की भाजीत मीठच नव्हतं.