जावईबापूंचा पुढचा डावा टायर

आमच्या घरात जावयाची चूक होत नाही. जेवताना त्यांच्या हातून पाणी सांडलं तर तांब्याचं तोंड वाकडं असतं, आणि त्यांनी गाडी बांधावर घातली तर बांध चुकीच्या जागी असतो. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही. पण तो पाळण्यात माझी दोन वर्षांची मेहनत मातीत गेली.

आष्टीजवळच्या आमच्या रानात मी एका जुन्या छोट्या मोटारीची रेसची गाडी केली. मागचं सीट काढलं, आत पाइपांचा पिंजरा बसवला, स्प्रिंगा बदलल्या. भोकरदनच्या बाजूला उन्हाळ्यात मोकळ्या रानात मातीवरची रेस होते. एका गाडीला एकच ड्रायव्हर. तो मला व्हायचं होतं. मी काही आमदारकी मागत नव्हतो.

दिवाळीला बहीण आणि दाजी आले. दाजी संभाजीनगरला ऑफिसात काम करतात, स्वभावाने गरीब. त्यांनी स्टिअरिंगवर सहज हात ठेवला आणि म्हणाले, "मस्त बनवली राव." झालं! वडिलांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "रेसमधी जावईबापूच चालवतील."

दाजींनी मागितलं नव्हतं. पण सासऱ्याला नाही म्हणायची त्यांचीही टाप नव्हती. मी वडिलांना आत गाठलं.

"गाडी मी बनवली न?"

"मंग? पुरणपोळी बनवणारी आधी खाती का?"

त्यानंतर दाजी दर रविवारी सरावाला यायला लागले. रेसच्या गाडीचं दुखणं टायरवर वाचता येतं. कुठली कड घासली ते बघायचं आणि त्यावरून चाकांचा कल, हवा, स्प्रिंगा ठरवायच्या. मी पाच चकरा मारल्या की पुढचे टायर आतून-बाहेरून सारखे घासलेले असायचे. दाजींनी तेवढ्याच मारल्या की पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड कुत्र्याने चावल्यासारखी व्हायची. उजवं वळण आलं की ते ब्रेक मारायच्या आधीच स्टिअरिंग पूर्ण फिरवायचे. चाक वळलेलं, गाडी सरळ, आणि मधल्या मधे टायर खरवडून निघायचा. गाडी तीच, हवा तीच, रान तेच. फक्त माणूस बदललेला.

खात्री करायला मी तो टायर शहागडला मामाकडे नेला. हायवेवर त्याचं ट्रकच्या टायरांचं दुकान आहे. त्याने कडेवरून तळहात फिरवला.

"गाडीला काही न्हाई झालं. चालवणारा बदल."

मला त्याला मिठीच मारावीशी वाटली.

"कोण चालवून राह्यलंय?" त्याने विचारलं.

"दाजी."

मामाचा हात टायरवरच थांबला. "मंग हवा कमी पडली असंल," तो म्हणाला. त्याने तरी काय करावं? तीस वर्षं तो आमच्या वडिलांचा मान राखत आलाय.

मग सुरू झालं दुखणं हल्याला अन् इंजेक्शन पखालीला. आधी हवा वाढवली. मग चाकांची वरची बाजू आत झुकवली. याला कॅम्बर देणं म्हणतात. तेवढ्याने भागेना म्हणून पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या. हिवाळाभर मी एका माणसाच्या सवयीभोवती अख्खी गाडी वाकवत राहिलो. त्यांच्या टायरची कड खरंच वाचायला लागली. पण मी बसलो की आता आतली कड घासायची आणि ब्रेकवर गाडी भरकटायची. माझ्याच गाडीत मीच चुकीचा ठरलो होतो.

"बघ," वडील म्हणाले, "त्यांच्या हाताला बराबर बसली."

मला भयंकर राग यायचा. दाजींवर कमी, स्वतःवर जास्त. एक वाक्य बोलायचं होतं, आणि त्याऐवजी मी पाना घेऊन गाडीखाली शिरत होतो.

रेसच्या दिवशी वडिलांनी नारळ फोडला. दाजींनी पहिली दोन वळणं नीट घेतली. तिसरं उजवं होतं. स्टिअरिंग आधी फिरलं, ब्रेक नंतर लागला, आणि गाडी सरळ जाऊन कडेला रचलेल्या जुन्या टायरांत घुसली. मी धावलो. दाजींना काही लागलं नव्हतं. हेल्मेट काढून ते पुढच्या डाव्या चाकाजवळ उकिडवे बसले आणि त्या फाटक्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"मी स्टिअरिंग आधी फिरवतो, न?" त्यांनी वर न बघता विचारलं. "दिवाळीपासून हेच होऊन राह्यलं होतं. मला कुणीच सांगितलं न्हाई."

मी चाकात अडकलेलं गवत उपसायला लागलो.

"खरं सांगा. माझं चुकत असंल तर पुढच्या वर्षी तुम्ही चालवा. मामंजींना मी समजावतो."

दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. मागून धापा टाकत वडील येत होते, त्यांच्यामागे बहीण. दाजी माझ्याकडे बघत होते, आणि तो चेहरा मला बघवेना.

"न्हाई दाजी," मी म्हणालो. "तुमचं बिलकुल बराबर होतं. कॅम्बर कमी पडला. माझीच चूक."

दाजींनी मोठा श्वास सोडला. उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हात्तिच्या! मंग पुढच्या वर्षी नीट करून ठेवा," ते म्हणाले. "मी येतो."