हळदकुंकू लागलेली मार्था

कादंबरीचा शेवट आधी बघणाऱ्या माणसांचा सत्यशीलाबाईंना राग येई. त्या स्वतः पहिल्या पानापासून सरळ वाचत जात. अपवाद एकच, लढाईचा. ऐतिहासिक कादंबरीत तोफा धडधडू लागल्या की बाई शांतपणे पानं उलटत आणि गडावर मागं राहिलेल्या बायका काय करताहेत, तिथून पुढं वाचू लागत.

"लढाई कोन जिंकलं ते शाळेत सांगतेत," त्या म्हणत. "मागं चूल कुनी पेटती ठेवली, ते कादंबरीतच कळतं."

त्यांचं माहेर धारूरचं. किल्ल्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलीला अशा गोष्टींची गोडी लागावी यात नवल नाही. पण धर्मापुरीला सासरी आल्यावर शेत, म्हशी, लेकरंबाळं, येणारेजाणारे यांतूनही ती गोडी टिकली, हे खरं नवल. यजमान सुंदरराव पानाला चुना लावता लावता चिडवायचे, "हिला घरात कुनी सासुरवास केला न्हाई, म्हनून ही पुस्तकातल्या बायांचा सासुरवास उसना घेऊन रडती."

"तुमच्या आईला इचारा, किती केला ते," बाई पुस्तकातून मान वर न करता म्हणायच्या.

ख्रिस्ती कादंबऱ्यांची ओळख सुंदररावांच्या डोळ्याच्या ऑपरेशनपायी झाली. परळीच्या दवाखान्यात सुवार्ता साळवे नावाच्या सिस्टर होत्या. त्यांच्या पिशवीतून जुन्या पुस्तकाची कड डोकावताना दिसली आणि बाईंनी ते नुसतं बघायला मागितलं. सुट्टी मिळाली तेव्हा सुंदरराव काळा चष्मा लावून जीपमध्ये जाऊन बसले, तरी बाई दारात घुटमळत होत्या. पुस्तक अर्धंच झालं होतं. सिस्टर म्हणाल्या, "घेऊन जा. पण परत आणा."

ते परत नेलं, दुसरं आणलं, आणि हा रिवाजच पडला. सिस्टर निवृत्त होऊन परळीच्या स्टेशनमागं राहायला गेल्या, तरी बाजाराला गेलेल्या सत्यशीलाबाई त्यांच्याकडं चहा घेतल्याशिवाय परतत नसत. जुन्या दुष्काळाच्या, मिशनच्या बंगल्यांच्या, नवरा गेल्यावर लेकरं पदराशी घेऊन वाट काढणाऱ्या बायकांच्या त्या कथा त्यांना फार जवळच्या वाटत.

"प्रार्थना मात्र लई येतेत तुमच्या पुस्तकात, सिस्टर."

"तुमच्या पुस्तकांत नवस येतात, तसंच ते."

सुगी आटोपली की दुपारी बाईंच्या ओसरीवर वाकळ शिवायला बायका जमत. जुनी लुगडी एकावर एक अंथरून चौघी चार कडांनी टाके घालीत आणि सत्यशीलाबाई मधोमध बसून वाचीत. शेजारची मंगल सगळ्यांत भरभर शिवायची, पण गोष्ट रंगात आली की तिची सुई थांबायची. गावाच्या कडेच्या वस्तीवरच्या साखराबाई मेंढरं आता लेकांच्या हवाली करून येत. त्या विधवा होत्या आणि वाचता येत नसल्यानं गोष्टीतला एकही शब्द सांडू देत नसत.

यंदा सिस्टरनी दिलेली कादंबरी मार्थाची होती. दुष्काळात नवरा गेलेली मार्था सासूला आणि नणंदेला घेऊन पायी मिशनच्या गावी जाते, दवाखान्यात काम शिकते, नणंदेचं लग्न करून देते, आणि शेवटच्या प्रकरणात एका बिजवर गाडीवानाशी स्वतः लग्न करते. मुखपृष्ठावर तिचं चित्र होतं: हातात कंदील, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं.

बायकांना रोज एका बैठकीत, ठरल्या वेळी ऐकायची सवय होती ती पोथीची. त्यामुळं दोनचार दिवसांतच मार्थाच्या कादंबरीची 'मार्थाची पोथी' झाली. आणि पोथी म्हटली की समाप्ती आली. शेवटच्या दिवशी मंगलनं शिरा करून आणला, कुणी झेंडूची फुलं आणली, साखराबाईंनी नारळ आणला. लग्नाचं प्रकरण वाचून झालं, बायकांनी डोळे पुसले आणि सत्यशीलाबाईंनी पुस्तक मिटून पाटावर ठेवलं.

साखराबाई पुढं सरकल्या. "आता हिचं लगीन झालं की. कपाळ मोकळं कावून ऱ्हावं?"

त्यांनी ओल्या बोटानं मार्थाच्या कपाळाला हळद लावली, वर ठसठशीत कुंकू लावलं आणि हात जोडले. सगळ्यांनी जोडले. सत्यशीलाबाईंनीही जोडले. नवरा गेल्यापासून साखराबाईंनी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता, हे बाईंना ठाऊक होतं; त्या वेळी त्यांच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

बायका गेल्यावर मनात आलं. पुस्तक आपलं नव्हतं. ते सिस्टरच्या आईचं होतं, आणि ज्यांचं होतं त्यांच्या घरात हळदकुंकू नव्हतं.

त्यांनी ओल्या फडक्यानं हलकेच पुसून पाहिलं. कुंकू मार्थाच्या नाकापर्यंत उतरलं आणि हळद कागदात आणखी मुरली.

"खाकी कव्हर घाल अन् दे," सुंदरराव म्हणाले. "शाळेतल्या पोरांवानी."

"अन् त्यांनी काढून बघितलं तर?"

"तवर आपल्याला धा पुस्तकं वाचून व्हतील."

"तुमी नका बोलू," बाई म्हणाल्या. पण कव्हर घातलं.

परळीच्या एसटीत त्या पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. पुस्तकं मिळायची बंद होतील, याची भीती होतीच. पण सिस्टरच्या घरचा चहा, पुस्तकात वाचलेल्या बायकांबद्दल त्या गावातल्याच असल्यासारखं बोलणं, हे दुसऱ्या कुणाशी होणार होतं? तेवढी एकच मैत्रीण त्यांनी स्वतः, पुस्तकातून मिळवलेली होती.

सिस्टरनी कव्हर पाहिलं आणि खूश झाल्या. "बघा, किती निगा राखता तुम्ही." आणि न उघडताच पुस्तक कपाटात ठेवायला उठल्या.

"थांबा, सिस्टर." सत्यशीलाबाईंनी पुस्तक हातातून घेतलं आणि कव्हर स्वतःच काढलं.

सिस्टरनी पुस्तक उजेडाकडं धरलं. "आईनं पहिल्या पगारातून घेतलेलं पुस्तक हे," त्या म्हणाल्या. "आमच्यात पुस्तकाची पूजा करत नाहीत, सत्यशीलाबाई. आजीनं हे सगळं सोडलं, तेव्हा तिला भावकीनं पाणवठ्यावर येऊ दिलं नव्हतं. तुम्हाला हे मी सांगितलंय."

"सांगितलंय. म्या तिथंच बसले व्हते अन् म्या बी हात जोडले."

आत गॅसवरचं दूध उतू जायला आलं. सिस्टरनी जाऊन गॅस बंद केला आणि तिथूनच विचारलं, "कुणी लावलं?"

बाईंनी सगळं सांगितलं. साखराबाईंचं सगळ्यात शेवटी. "स्वतःच्या कपाळाला बोट लावत न्हाई ती. हिला मात्र लावलं. लगीन झालं म्हनून."

सिस्टर बाहेर आल्या. "लग्न आवडलं तुमच्या बायकांना?"

"आवडलं म्हंजे? मंगलनं तर टाळी वाजवली."

"मला कधीच आवडलं नाही ते." सिस्टर खुर्चीत टेकल्या. "एवढं शिकली, दवाखाना सांभाळला, आणि शेवटी गाडीवानाच्या भाकरी थापायला गेली!"

"कुठं गेली? त्योच बैल घेऊन दवाखान्याच्या आवारात ऱ्हायला आला की. तुमी नीट वाचलं न्हाई."

"मी?" सिस्टरनी चष्मा शोधला. "आईच्या मांडीवर ऐकलंय मी हे पुस्तक!"

"मंग झोपला असताल शेवटाला."

सिस्टरनी शेवटचं प्रकरण उघडलं. दोघी डोक्याला डोकं लावून ओळी शोधू लागल्या. आवार सापडलं, बैलही सापडले. सिस्टर हसल्या. पण पुस्तक मिटताना त्यांचा अंगठा त्या लाल डागावर थांबला, तेव्हा त्या हसत नव्हत्या.

"खराब झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "हे पुस्तक आता कुणाला देणार नाही. दुसरं देईन, पण तुमच्याबरोबर धाडणार नाही. मी घेऊन येईन."

पुढच्या आठवड्यात सुवार्ता साळवे धर्मापुरीच्या फाट्यावर उतरल्या. ओसरीवर साखराबाई वाकळेच्या आडोशाला होऊन बसल्या होत्या.

"चुकलं बाई माजं," त्या तिथूनच म्हणाल्या.

"चुकलं खरं. आता सरका, बसू द्या मला." सिस्टर त्यांच्याच कडेला बसल्या आणि सुई मागून घेतली. नवं पुस्तक त्यांनी सत्यशीलाबाईंच्या हातात दिलं. "आधीच सांगते, ह्यातली बाई शेवटपर्यंत लग्न करत नाही."

"शेवट कावून सांगितला!" सत्यशीलाबाई कळवळल्या.

साखराबाईंनी सिस्टरच्या सुईत दोरा ओवून दिला. "सांगू द्या त्यास्नी," त्या हळूच म्हणाल्या. "मागल्या टायमाला बी त्यास्नी शेवट ठावा नव्हता म्हनं. तुमी वाचा."