बॉयलरवाल्याची स्ट्रॉबेरी वाफ

तुमसरजवळच्या एका उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये संघपाल मेश्राम एकवीस वर्षं बॉयलर चालवतात. धान शिजवायची वाफ त्यांच्या हातून जाते, त्यामुळे वाफेबद्दल दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. गेल्या उन्हाळ्यात ही जागा जायची वेळ आली. वार्षिक तपासणीत वरचा रक्तदाब एकशे चौसष्ट निघाला, नाडी एकशे दहा. मिलच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि दीड महिन्याची मुदत घातली. आकडे उतरले नाहीत तर बॉयलर सोडायचा आणि फाटकावर बसून ट्रक नोंदवायचे.

"बिडी?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोडली सायेब. आठ महिने झाले."

हे खरं होतं. सव्वीस वर्षांची बिडी सोडल्याचं त्यांनी वरठीपर्यंतच्या नातेवाइकांना फोन करून कळवलं होतं. बिडीच्या जागी खिशात व्हेप, म्हणजे बॅटरीवरची ई-सिगारेट, आल्याचं मात्र कळवलं नव्हतं. नागपुरात मोबाइलचं दुकान चालवणारा साळा अश्विन तो आणून देई. विक्रीवर बंदी, म्हणून चार्जरच्या खोक्यात. चव स्ट्रॉबेरीची. संघपालांच्या लेखी ती नुसती वाफ होती. वाफेचं डॉक्टरांना काय सांगायचं?

मुलगी रश्मी नर्स. घरी रिपोर्ट पाहून तिनं सरळ खिशाकडे बोट दाखवलं.

"बाबा, याच्यात निकोटीन आहे. त्यानं नाडी पळते, नसा आकसतात. धूर नाही म्हणून हृदयाले कळत नाही का?"

"तू नर्स आहेस. वाफ मले समजते."

भाजी चिरणाऱ्या बायकोनं, रत्नमालाबाईंनी, मान वर केली नाही. "मंग तुमचीच ताटली लावून पाहू ना."

ताटलीची परीक्षा संघपालांचीच. नव्या कामगाराला ते लांब चिमट्यात स्टीलची ताटली देऊन वाफेसमोर धरायला लावतात. चांगली वाफ वाळली की मागे काही उरत नाही. डाग उरला, तर पाण्यात गडबड आहे. हे प्रवचन रत्नमालाबाईंनी लग्नापासून ऐकलं होतं.

त्यांनी एक ताटली कुकरच्या शिट्टीवर धरली, दुसरी नवऱ्यापुढे ठेवली.

"मारा फुका."

"किती?"

"रोज मारता तितक्या."

कुकरची ताटली वाळून कोरी झाली. संघपालांच्या ताटलीवर चिकट थर बसला. ताटली नीट धुतली नव्हती, असं ते म्हणाले. दुसरी आली. मग हवेत ओल असल्याचं निघालं. तिसऱ्या ताटलीवर मुंगी चढली. तोवर रश्मीनं त्यांच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला होता. चौऱ्याण्णववरून एकशे सोळा.

"पुरे बाबा. ताटल्या संपल्या."

"संपल्या नाही," रत्नमालाबाई म्हणाल्या. "पाहुण्यांच्या आहेत अजून."

संघपालांनी ताटली उजेडात बराच वेळ फिरवली. "मिलमधे असं दिसलं असतं, तर मी बॉयलर बंद केला असता."

सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सोमवार ठरवून दिला. त्या दिवसापासून व्हेप बंद, निकोटीनची च्युइंगम मोजून, तीही हळूहळू कमी करायची. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटं काढायची. संघपालांनी हे लगेच बॉयलरशास्त्रात बसवलं: दाब चढला की घाबरायचं नाही, काट्याकडे पाहत बसायचं. घरी दाबाचा काटा नसल्यानं ते घड्याळाकडे पाहत. त्या वेळात कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. रत्नमालाबाईंनी तो एकदाही पाळला नाही.

पहिल्या आठवड्यात वरण, पंखा आणि शेजाऱ्याचा कोंबडा, सगळ्यांना बोलणी बसली. त्यातच अश्विन खोकं घेऊन आला.

"भाऊजी, आंब्याचा आला आहे."

"बस," बहीण म्हणाली. "पैले ताटली घे."

तो अर्ध्या तासात खोक्यासकट नागपूरला निघाला.

करडी गावातल्या एका लग्नात संघपाल घसरले. मंडपामागे कुणाचा तरी व्हेप घेऊन दोन झुरके मारले आणि घरी येऊन स्वतःच सांगितलं. "उद्यापासून परत," एवढंच रश्मी म्हणाली.

मुदतीच्या दिवशी रक्तदाब एकशे अडतीस, नाडी ब्याऐंशी. डॉक्टरांनी आकडे दोनदा पाहिले. "नुसत्या गोळीनं नाडी इतकी उतरायची नाही. आणखी काय केलं?"

संघपालांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हे मागच्या वेळी का नाही सांगितलं?"

"तुमी बिडीचंच इचारलं."

डॉक्टरांनी बॉयलर चालवायच्या दाखल्यावर सही केली, पण मुदत तीन महिन्यांची.

"वर्षाची काहून नाही सायेब?"

"कारण विचारलं तेवढंच सांगता तुम्ही."

संघपाल दुपारपाळीला बॉयलरवर हजर झाले.