इद्दरचा दरीकडचा हात

बुधवारी सकाळी सहा चाळीसला बीही अरुम्द गावावरच्या सावलीतल्या घळीत उभा होता आणि गोठलेल्या बर्फावर टाचेनं रेघ ओढत होता. रेघ नागमोडी होती. आधी डावीकडे, मग वळून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. घळीच्या तळाशी सपाट मैदान होतं, त्यामुळे घसरलेला माणूस फार तर हसं करून घेऊन थांबला असता. जागा त्यासाठीच निवडली होती.

रेघेच्या खालच्या टोकाला इद्दर बसला होता आणि बुटाखाली बांधलेल्या लोखंडी काट्यांकडे नव्या जावयाकडे बघावं तसा बघत होता.

"खेचराला नाल मारताना ते असंच बघायचं माझ्याकडे," तो म्हणाला. "आता कळलं त्याला काय वाटत असेल."

"खेचर बोलायचं नाही. तेवढं शिक."

दोघं एकाच वर्षी जन्मलेले, एकाच मशिदीत कुराणातल्या आयती घोकलेले. विसाव्या-बाविसाव्या वर्षी दोघांनी एकदमच डोंगराची कामं धरली. बीही वाटाड्या झाला. इद्दरला बापाची खेचरं मिळाली, तो ओझी वाहू लागला. तेव्हापासून परवा-परवापर्यंत दोघं एकत्र चालले, पण निम्मीच वाट. वसंतात खेचर बर्फाच्या कडेपर्यंत जातं. तिथून सामान हमालांच्या पाठीवर चढतं आणि खेचरवाला मागे वळतो, नाहीतर फार तर मुक्कामाच्या दगडी घरापर्यंत जाऊन चूल पेटवतो. तुबकालचं शिखर त्याच्या डोक्यावर असतं. तो तिथे जात नाही. त्याचं तिथे काम नसतं.

बीही गिऱ्हाइकांना घेऊन खाली आला की इद्दर पातेल्यात शीबाचा कडू पाला घातलेला चहा उकळत ठेवून दारात उभा असायचा. गिऱ्हाइकं त्याच्या गळ्यात पडायची, आपल्या भाषेत काहीबाही सांगायची. ती आत गेली की तो बीहीला विचारायचा, "वर काय आहे रे?"

"तीन पायांचं लोखंडी तिकाटणं आहे आणि वारा आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

हे सवाल-जवाब इतकी वर्षं चालले की त्यांना नमस्कार-चमत्काराची कळा आली. त्यामागे खरा प्रश्न असेल असं बीहीला कधी वाटलं नाही. फेब्रुवारीत इद्दरनं करडं खेचर विकलं. अगादीरला ट्रक चालवणाऱ्या मुलानं बापासाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. मे लागला की तो ट्रक घेऊन येणार आणि आईबापांना भांड्याकुंड्यांसकट समुद्राकाठी नेणार, हे ठरलं होतं. खेचर विकून आला त्या संध्याकाळी इद्दर बीहीच्या गच्चीवर येऊन बसला. मग म्हणाला, "जायच्या आधी मला वर ने. नातवंडं विचारतील, वर काय आहे. मी काय सांगू, बीही म्हणाला ते?"

बीहीनं बेत आखला तो गिऱ्हाइकांसाठी आखायचा त्याहून कडक. गुरुवारी दगडी घरात मुक्काम, शुक्रवारी अंधारात चढाई. रात्री आभाळ ढगाळ राहिलं आणि बर्फ नीट गोठला नाही, तर पाऊल टाकायचं नाही. दहा वाजले की शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी मागे फिरायचं, कारण उन्हानं बर्फ मऊ झाला की वरची उतरण माणसाला धरत नाही. आणि सगळ्यात आधी इद्दरनं या घळीत चालून दाखवायचं.

"माझी परीक्षा घेतोस?" इद्दर तेव्हा म्हणाला होता. "तुझ्या सगळ्या साहेबांची भांडी मी वर चढवली!"

आता तो रेघेवरून चढू लागला. चाल उत्तम होती. दम पुरत होता, पाय सपाट पडत होते, काटे बर्फात करकर रुतत होते. बीही दोन पावलं खालून चालत होता. पहिली तिरपी चढण संपली तेव्हा तो म्हणाला, "कुऱ्हाड डोंगराच्या हातात घे."

बर्फाची कुऱ्हाड नेहमी डोंगराकडच्या हातात असते. पाय निसटला तर ती चढात रुतते आणि माणूस तिला लटकतो. इद्दरनं ती दरीकडच्या हातात धरली होती.

"घेतली," म्हणून त्यानं हात बदलला, पण दहा पावलांत ती आपोआप दरीकडच्या हातात परतली. वळण आलं. वळणावर डोंगर डावीकडचा उजवीकडे गेला आणि इद्दरची कुऱ्हाड, कुणी सांगायच्या आत, सफाईनं पुन्हा दरीच्या बाजूला आली.

"इद्दर."

"हो, हो."

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वळणावरही. तो विसरत नव्हता. विसरणारा माणूस एखाद्या वेळी तरी चुकून बरोबर करतो. इद्दर प्रत्येक वळणावर हात बदलत होता आणि प्रत्येक वेळी नेमका उलटा.

तिसऱ्या वळणानंतर बीहीला उलगडा झाला. खेचरामागून चालणाऱ्या माणसाची काठी दरीकडच्या हातात असते. जनावर कडेला सरकलं की बाहेरच्या कुशीवर टोचायचं, ते भिंतीला लागतं. वळण आलं की हात बदलायचा, नाहीतर पुढच्याच पावलाला ओझ्यासकट खेचर खाली. बीहीला एक मार्च महिना आठवला. चम्हारूशच्या दर्ग्यावरच्या वळणात ओल्या दगडावरून इद्दरचं तांबडं खेचर सटकलं होतं. मागचे पाय कडेच्या बाहेर गेले, आणि इद्दरनं काठी आडवी लावून, स्वतः दरीच्या बाजूला उभं राहून ते आत रेटलं. संध्याकाळी त्यानं ते सांगितलंही नाही. फुटलेली अंडी दाखवली आणि म्हणाला, "आज आम्लेट जास्त आहे."

चौथ्या वळणावर इद्दरचा पाय निसटला. कुऱ्हाड दरीच्या बाजूला हवेत फिरली, बर्फाला लागलीच नाही. तो कुशीवर पडला आणि खालच्या मैदानापर्यंत घसरत गेला. तिथे उठून बसला आणि हसायला लागला.

"बघ! किती मायेनं खाली आणून सोडलं!"

बीही उतरून त्याच्याजवळ आला. हसला नाही. "वर असंच पडलास तर खाली मैदान नाही. दगड आहेत."

"वर नाही पडणार."

"उद्या नाही जायचं, इद्दर."

इद्दर काट्यांचे पट्टे सोडू लागला. बोटं थंडीनं आखडली होती, पट्टा सुटेना. बीही मदतीला वाकला तसा त्यानं पाय मागे घेतला.

"तीस-पस्तीस वर्षं मला चुलीपाशी बसवलंस. आता आणखी बस म्हणतोस?"

"हात फिरेपर्यंत. रोज इथे यायचं. मी न बोलता तुझा हात सगळ्या वळणांवर आपोआप डोंगराकडे गेला, की दुसऱ्या दिवशी निघू."

"आणि त्याआधी वरचा बर्फ गेला तर? मुलगा ट्रक घेऊन आला तर?"

"तर नाही जायचं."

"गिऱ्हाइकांनाही असंच तोंडावर सांगायचास?"

"गिऱ्हाइकांना गोड बोलायचो. ती दोन दिवसांत आपल्या देशी जायची असायची."

इद्दरनं काटे तिथेच टाकले आणि एकटा उतरला. बीहीनं ते उचलून पिशवीत घातले. वाटेत अक्रोडांना नुकती पालवी फुटली होती, तिच्याखालून पुढे चाललेली इद्दरची पाठ त्याला बराच वेळ दिसत होती. हात मागे बांधलेले होते. काठीशिवाय त्यांचं काय करायचं ते त्याला खेचर विकल्यापासून समजत नव्हतं.

दिवसभर तो फिरकला नाही. बीहीची बायको इज्जा हिनं दुपारी सातूची भाकरी आणि ताक पुढे ठेवत विचारलं, "तोडून बोललास?"

"खरं बोललो."

"एकच झालं."

बीहीनं भाकरी मोडली. आपण वर असताना खाली थांबलेल्या माणसाला काय वाटत असेल, हा विचार त्यानं आजवर केला नव्हता. आता तो सुचत होता आणि त्यानं बेतात काहीच फरक पडत नव्हता. बर्फाला इद्दर किती वर्षं थांबला हे ठाऊक नसतं.

संध्याकाळच्या नमाजानंतर ओढ्यापलीकडच्या गच्चीवर इद्दर दिसला. हातात भाजी ढवळायचा लाकडी डाव होता. तो गच्चीवर येरझाऱ्या घालत होता आणि प्रत्येक टोकाला वळताना डाव या हातातून त्या हातात घेत होता. त्याची बायको धुराड्याशी उभी राहून ओरडत होती, "डाव दे आधी! जेवण करपतंय!"

बीही आपल्या गच्चीवरून बघत राहिला. दोन वळणं उलटी गेली. तिसऱ्याला इद्दरचा हात मधेच थांबला, विचारात पडला आणि जिथे होता तिथेच राहिला, आणि डाव डोंगराच्या बाजूला आला.

"किती वाजता?" इद्दरनं पलीकडून हाक दिली. आवाजात अजून राग होता.

"साडेपाच. पुलाशी."

"आणि चहा?"

"तू आण. तुझं काम आहे ते."

पलीकडून एक शिवी आली. बीही खाली गेला आणि इज्जाला म्हणाला, मला पाचला उठव.

उद्या गुरुवार. त्या घळीत एप्रिलच्या या आठवड्यात ऊन पावणेनऊला उतरतं. तोवर बर्फ कडक असतो.