जीपच्या नळीत कापूस

मुलीच्या साक्षगंधाला निघताना स्वतःच्याच जीपचा गळा दाबणारा मूर्तिजापुरातला मी पहिला बाप असावा.

जीप जुनी, डिझेलची. इंजिनातला तेलकट धूर बाहेर काढायला एक नळी होती आणि तो धूर सरळ गाडीत यायचा. दोन किलोमीटर गेलं की सगळ्यांच्या अंगाला गॅरेजचा वास! परतवाड्याला साखरपुड्याचा बारा वाजताचा मुहूर्त, आणि बायकोने चार दिवसांपासून माझं डोकं खाल्लेलं.

"माह्या नव्या शालूले वास लागला ना, तर मी पोरीले घेऊन एसटीनं जाईन! तुमी या एकटे धूर खात."

मेकॅनिक रशीदभाई म्हणाले, "सर, नळीले बाटली लावा. तेल तिच्यात जमा होईन. पन तोंड खुलं ठेवा, हवा निंगू द्या."

लावली बाटली. पण उघड्या तोंडातून वास येणारच की! (मी शाळेत विज्ञान शिकवतो. कुणाला सांगू नका.) घरात कापसाची काय कमी? गादी भरावी तसा बाटलीत ठासला, वर बूच मारलं. वास गायब!

दर्यापूरपर्यंत मी शीळ घालत होतो. पुढे बायकोने नाक वर करून हुंगलं.

"काय जळून राहिलं हो?"

"कोनी कापसाची पऱ्हाटी जाळून राहिलं असन वावरात!"

अंजनगावजवळ बॉनेटखाली 'फट्' झालं. मी थांबलो. इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती, म्हणून चालूच ठेवून बॉनेट उघडलं. कोंडलेल्या हवेने तेल मोजायची पट्टी उडवली होती आणि त्या भोकातून काळं तेल थेट माझ्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर!

"बाबा!" मिताली रडकुंडीलाच आली. "मुहूर्त चुकला तर काय सांगू मी तिकडच्या लोकायले?"

तिचे डोळे पाहून मला स्वतःचाच संताप आला. बाटली उपटून फेकली, पट्टी बसवली. नळी पुन्हा धूर ओकायला लागली.

"पन शालू?" मी विचारलं.

"शालू गेला खड्ड्यात! गाडी हाना!" बायको ओरडली.

बाराला दहा कमी असताना पोचलो. मायलेकी आत पळाल्या. फाटकावरच्या फेटेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. "ड्रायव्हर लोकं मांगच्या बाजूनं. नळ तिकडंच हाय."

मी सदऱ्याकडे पाहिलं आणि नळाकडे गेलो. हात धुता धुता तिथल्या एका ड्रायव्हरला सगळी हकिकत सांगितली.

"कोन्या बहाद्दरानं कोंबला कापूस?"

"मालकानं," मी म्हटलं.

"शिकलेला असन!"

सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. तेवढ्यात होणारे व्याही धावत आले. "सर! मुहूर्त चालला, आन मुलीचे बाबा इथं काय करून राहिले?" त्यांनी आपला शेला काढून माझ्या काळ्या सदऱ्यावर टाकला आणि मला ओढत नेलं.

जाताना मागून तो ड्रायव्हर शेजाऱ्याला म्हणाला, "पाय रे! मी म्हटलंच होतं, शिकलेला असन!"