आग्यामोहोळाचा राखणदार

भाज्याच्या लेण्यांवर सरकारनं नेमलेला राखणदार कधी मोठ्यानं बोलला नाही. ओसरीच्या छताला आग्यामोहोळ लोंबत होतं, त्याचा तो धाक. ते उतरवायचा हुकूम वरून दोनदा आला, पण यानं मोहोळाला हात लावला नाही.

मी शाळामास्तर. रविवारी शिलालेखाची अक्षरं उतरवून घ्यायला जायचो. पायऱ्यांशीच हा माझी काडेपेटी काढून घेई आणि अत्तर लावलंय का म्हणून सदरा हुंगे. मला त्याचा रागच यायचा. "माश्या जाग्या हायती, मास्तर. धूर लागला की उठत्यात," एवढंच तो पुटपुटायचा.

एका रविवारी मुंबईचे एक साहेब आले. आतल्या भिंतीवरची नाचणारी बाई त्यांना फार आवडली. तिचं तोंड घरी न्यावं म्हणून त्यांनी पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला.

"तिला हात लावू नगा, साहेब," राखणदार हात जोडून म्हणाला. साहेबांनी त्याला ढकलून दिलं. मी वही छातीशी धरून मागं ओसरीत सरकलो.

पहिला घाव बसला आणि कपची उडाली. वर मोहोळ थरथरलं.

राखणदार शांतपणे ओसरीत आला. त्यानं मूठभर वाळलं गवत पिळलं आणि कनवटीची माझीच काडेपेटी काढून पेटवलं. धूर मोहोळाकडे चढू लागला. त्यानं खांद्यावरची घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली, तिचं एक टोक माझ्यासाठी उचललं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला,

"या मास्तर, आत या."