आमटीचे सर्व हक्क स्वाधीन

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कोणाविषयी तरी लिहिण्याचे धाडस करतो, क्षमा असावी.

सांगलीत आमच्या शेजारच्या गृहस्थांनी पाककृतींचे पुस्तक छापले होते, वर ‘सर्व हक्क स्वाधीन’. संध्याकाळी ते फोडणीचा वास घेत गल्लीतून फिरत. त्यांच्या नाकाबद्दल मला आदरच आहे.

“आवं वैनी, ही शेंगदाण्याची आमटी माझ्या पुस्तकातली हाय. परवानगी घेतली व्हय?”

“भावजी, मीच सांगितली न्हवं तुमाला?” समोरच्या वहिनी हसत.

शेवटी ते वहिनींवर दावा लावायला साताऱ्याच्या वकिलाकडे गेले. तिथले परवा कळले.

वकील म्हणाले, “आमटी कोणीही करावी. हक्क फक्त तुमच्या शब्दांवर.”

“शब्द माझेच हायत!” म्हणत यांनी पान उघडले.

वकिलांनी मोठ्याने वाचले, “‘आता मीठ बेतानं घाला, भावजी.’ यातले भावजी कोण?”